कुमालो आणि जार्व्हिस : समेट की उपकार?

कोरडवाहू : अ‍ॅलन पेटन यांची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही १९४८ची कादंबरी नुकतीच पुन्हा वाचली. पहिल्या वेळी ज्या शेवटाने डोळे भरून आले होते, त्यानेच या वेळी मला अस्वस्थ केले. कथा थोडक्यात अशी : दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या एन्डोट्शेनी या खेड्यातले वृद्ध कृष्णवर्णीय पाद्री स्टीफन कुमालो बहिणीच्या आणि मुलाच्या शोधात जोहान्सबर्गला जातात. तेथे कळते की मुलगा ॲबसलम घरफोडीच्या वेळी भेदरला, त्याने गोळी झाडली आणि कृष्णवर्णीयांच्याच हक्कांसाठी झटणारा आर्थर जार्व्हिस हा गोरा इंजिनिअर तिला बळी पडला. आर्थरचे वडील जेम्स यांची हिरवीगार जमीन कुमालोंच्या खेड्याच्या अगदी वर, डोंगरावर आहे. ॲबसलमला फाशी होते; जेम्स मात्र खेड्यातल्या मुलांसाठी दूध पाठवतात, शेतीचा जाणकार नेमतात आणि नव्या चर्चचा भार उचलतात.

दूध आले, जमीन आली नाही, हा माझा आक्षेप आहे. १९१३च्या कायद्याने कृष्णवर्णीय बहुसंख्याकांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेवली होती. खोऱ्यातली माती वाहून गेली, तरुण खाणींकडे गेले, त्याचे मूळ त्या कायद्यात आहे. त्या कायद्याला बोटही न लावता झालेल्या सलोख्याला मी समेट म्हणणार नाही.

सांजवात : आपण कादंबरीकडून जाहीरनाम्याची अपेक्षा करत आहात. पावसात गळणाऱ्या चर्चमधला प्रसंग आठवा. गळती चुकवत जार्व्हिस जागा बदलत बसतात, आणि दयेचा अर्ज मंजूर झाला का, एवढेच विचारतात. कुमालो उत्तरादाखल पत्र काढून त्यांच्या हाती देतात. ज्याचा मुलगा मारला गेला तो बाप, मारणाऱ्याच्या फाशीचा दिवस आपण लक्षात ठेवू, असे सांगतो. यात उपकार कुठे दिसला?

कोरडवाहू : चर्चआधीचा, स्प्रिंग्ज गावातल्या घराच्या दारातला प्रसंगही आठवावा. कुमालोंच्या हातून काठी पडते, कागद विखुरतात, वय झालेला माणूस गुडघ्यांवर बसून थरथरत्या हातांनी ते गोळा करतो आणि जार्व्हिस दया व वैताग यांच्या कात्रीत सापडून नुसते पाहत उभे राहतात. पेटन यांनी हे विलक्षण प्रामाणिकपणे लिहिले आहे. माझी तक्रार अशी की पुढे दानाचा ओघ सुरू झाला, तेव्हा हा प्रामाणिकपणा कमी पडला.

नांगरफाळ : तो कमी पडला नाही. आपण लेतसित्सी या तरुण शेतीतज्ज्ञाला विसरलात. गोऱ्यांनीच आम्हाला इतकी थोडी जमीन दिली आणि गोऱ्यांनीच आम्हाला तिच्यापासून दूर कामाला नेले, हे तो कुमालोंना तोंडावर ऐकवतो, आणि कुमालो त्याला द्वेषापासून जपायला सांगतात, तरी त्याचे म्हणणे खोडून काढू शकत नाहीत. म्हणजे आपला आक्षेप पुस्तकातच एका पात्राच्या तोंडी आहे, आणि तोही दुधाच्याच संदर्भात.

पेटन यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या डीपक्लूफ सुधारगृहाचा कारभार १९३५ पासून तेरा वर्षे पाहिला होता; ॲबसलमसारखी मुले त्यांनी रोज पाहिली. ही कादंबरी आली त्याच वर्षी मे महिन्यात नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारी धोरण झाले.

सांजवात : आणि पेटन गप्पही बसले नाहीत. १९५३ साली उभारलेल्या लिबरल पार्टीचे ते नेते होते. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र सभासद असलेल्या पक्षांवर कायद्याने बंदी आली तेव्हा, १९६८ साली, तो पक्ष विसर्जित झाला.

कोरडवाहू : पेटन यांच्या निष्ठेबद्दल माझा वाद नाही, आणि लेतसित्सीचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या नजरेतून निसटला. मात्र तो बोलतो आणि कथा त्याला मागे टाकून डोंगरावर जाते. पुढे १९९६ साली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्यांत हेच घडले : अश्रू, कबुली, माफी, आणि २००३ साली सरकारने पीडितांना भरपाई जाहीर केली ती आयोगाच्या शिफारशीपेक्षा कितीतरी कमी, एकरकमी तीस हजार रँड. फाशीच्या आदल्या संध्याकाळी, अंधारून येताना, कादंबरीतले ते दोन बाप डोंगराच्या वाटेवर भेटतात आणि बोलतात. एक घोड्यावर आहे, दुसरा पायी.