परदेशातील वर्गाशी जोडणी झाली, पण ओळखीच्या पुढे कसे जावे?

प्रश्न (भूगोल_आठवी):
मी आठवीला भूगोल शिकवते. गेल्या सत्रापासून आमचा वर्ग परदेशातील एका शाळेशी इंटरनेटद्वारे जोडला गेला आहे आणि आतापर्यंतचा सारा संपर्क व्हिडिओ कॉलवरच झाला आहे. मुले उत्साहाने हात हलवतात, नावे सांगतात, आवडता खेळ कोणता हे दोन्हीकडून विचारून होते आणि मग बोलण्यासारखे काही उरत नाही. पुढच्या बाकांवरची चार-पाच धीट मुले बोलतात, बाकीचा वर्ग माना उंचावून पडद्याकडे पाहत बसतो. शिवाय दोन्हीकडच्या घड्याळांत सात तासांचे अंतर असल्यामुळे आमची शेवटची तासिका ती त्यांची पहिली, आणि त्यांची मुले अर्धवट झोपेत असतात. हा उपक्रम अभ्यासक्रमाशी जोडून वर्षभर चालवायचा असेल, तर त्याला कोणते स्वरूप द्यावे? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (मध्यान्ह):
ताई, ज्यांच्याकडे एकमेकांना सांगण्यासारखे अजून काही साठलेले नाही त्यांना थेट समोरासमोर बसवले की असेच होते. समोरच्या वर्गाकडून आपल्याला असे काहीतरी हवे असले पाहिजे, जे त्यांच्यावाचून मिळणारच नाही. तुमच्या विषयात याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे पृथ्वीचा परीघ मोजणे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने इजिप्तमधील अलेक्झांड्रियातील सूर्याच्या कोनावरून जो हिशेब मांडला, तोच हिशेब दोन देशांतील वर्ग एक मीटरच्या काठीने करू शकतात.

दोन्ही वर्गांनी एकच तारीख ठरवावी. विषुवदिनाच्या आसपासची सोयीची पडते. काठी ओळंब्याने तपासून सपाट जमिनीवर उभी करावी आणि मध्यान्हाच्या अर्धा तास आधीपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत जावे. सावली आखूड होत होत एका क्षणी थबकते आणि पुन्हा वाढू लागते. ती सर्वांत आखूड लांबी आपल्याला हवी असते. ती बहुधा घड्याळात बारा वाजता मिळत नाही, आणि असे का होते हे मुले आपणहून विचारतात. प्रत्येक वर्ग आपापल्या मध्यान्हाला मोजत असल्यामुळे सात तासांच्या अंतराचा प्रश्नच उरत नाही.

समजा, एका ठिकाणी सावली 36 सेंटीमीटर भरली आणि दुसऱ्या ठिकाणी 70. त्यावरून सूर्यकिरणांचे लंबाशी होणारे कोन अनुक्रमे 19.8 आणि 35 अंश येतात, फरक 15.2 अंशांचा. दोन्ही ठिकाणांच्या अक्षवृत्तांमधील उत्तर-दक्षिण अंतर 1,690 किलोमीटर असेल, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांसाठी (360 ÷ 15.2 × 1,690) परीघ सुमारे 40,026 किलोमीटर निघतो. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ 40,008 किलोमीटर आहे. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. नकाशावर दोन शाळांना जोडणारी तिरकी रेघ घेऊ नये, केवळ उत्तर-दक्षिण अंतर घ्यावे. आणि एका ठिकाणची सावली उत्तरेला, तर दुसऱ्या ठिकाणची दक्षिणेला पडत असेल, तर कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी.

प्रत्यक्षात उत्तर इतके नेमके क्वचितच येते. ते 36,000 आले की कोणाची काठी कलली होती, कोणी खूण उशिरा केली, कोणी अंतर चुकीचे धरले, यावरून दोन्ही वर्गांत खरा वाद सुरू होतो. व्हिडिओ कॉल त्या दिवशी ठेवावा.

उत्तर (जुनी_तासिका):
वरील प्रयोग उत्तम आहे, पण तो एका आठवड्यात संपतो आणि ताईंनी विचारले आहे ते वर्षभराचे. त्यासाठी थोडे मागे पाहणे उपयोगी ठरेल. 1920च्या दशकात फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने आपल्या वर्गातील मुलांनी लिहिलेला आणि शाळेतच छापलेला मजकूर ब्रिटनीमधील एका शाळेला टपालाने पाठवत असत आणि तिकडूनही तसाच मजकूर येत असे. 1985 मध्ये सुरू झालेल्या 'ओरियास' प्रकल्पाने हीच पद्धत संगणकीय संदेशांवर आणली, आणि 1988 मध्ये न्यूयॉर्क राज्य व मॉस्को येथील बारा-बारा शाळा जोडून जो प्रयोग झाला, त्यातून पुढे 'आयअर्न' हे शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. या साऱ्यांत मुख्य भर लिखित देवाणघेवाणीवर होता, आणि माझ्या मते त्यांचे यश त्या संथपणात होते. लिहिण्यासाठी दोन दिवस मिळाले की मागच्या बाकावरचा मुलगाही काहीतरी सांगतो. परकी भाषा बोलताना अडखळणारी मुलगीही आपले म्हणणे शब्दकोश उघडून पुरे करते.

वर्षभरासाठी शिक्षण-संशोधक मार्गारेट रील यांनी रुजवलेली 'लर्निंग सर्कल' ही रचना सुचवीन. तिच्यात सहा-आठ वर्गांचा एक गट असतो. प्रत्येक वर्ग स्वतःचा एक विषय मांडतो, इतर सर्व वर्ग त्या विषयावर आपल्या परिसरातली माहिती पाठवतात, आणि ज्याचा विषय आहे तो वर्ग ती संपादित करून सर्वांना परत देतो. एखादा वर्ग गप्प बसला तरी साखळी तुटत नाही. दोनच वर्गांच्या जोडीत नेमका हाच धोका असतो, कारण तिकडची परीक्षा आली की महिनाभर उत्तर येत नाही. शालेय वर्षही सगळीकडे एकाच वेळी सुरू होत नाही: जपानमध्ये ते एप्रिलला सुरू होते, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस, युरोपात बहुतांश ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास. म्हणून आधी सर्व शाळांच्या सुट्ट्या एका कागदावर मांडाव्यात आणि मगच तारखा द्याव्यात.

भूगोल_आठवी:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सावलीचा प्रयोग घ्यायचे नक्की केले आहे. आता लिखित देवाणघेवाण सुरू करायची तर मुलांची छायाचित्रे आणि नावे बाहेर जातील, अशी काळजी काही पालकांनी व्यक्त केली आहे. त्याबाबत काय करावे?

उत्तर (संगणक_कक्ष):
पालकांची काळजी रास्त आहे. अमेरिकेच्या 1998च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन सेवांनी गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती लागते. युरोपीय संघात ही मर्यादा देशानुसार तेरा ते सोळा वर्षे आहे. समोरच्या शाळेला तिचे नियम लागू असतात आणि आपल्याला आपले, त्यामुळे दोहोंपैकी जो कडक असेल तो दोघांनीही पाळणे सोयीचे जाते. मुलांना स्वतंत्र खाती मुळीच काढून देऊ नयेत. वर्गाचे एकच खाते असावे आणि प्रत्येक मजकूर शिक्षकाच्या हातून पुढे जावा. नावाऐवजी गटाचे नाव वापरावे आणि छायाचित्रे चेहऱ्यांची न घेता काठीची, सावलीची, तक्त्यांची घ्यावीत. प्रयोगाला तीच लागतात. लेखी संमतीपत्र मात्र सुरुवातीलाच घ्यावे, आणि एखाद्या पालकाने नकार दिला तर त्या मुलाला मोजणी आणि हिशेबाच्या गटात बिनदिक्कत ठेवता येते.

एक तांत्रिक बाब राहिली. कॉल मार्च किंवा ऑक्टोबरमध्ये ठेवणार असाल, तर तिकडचे घड्याळ केव्हा बदलते हे आधी विचारून घ्या. युरोपात ते उन्हाळी वेळेसाठी मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. निमंत्रणात दोन्हीकडची स्थानिक वेळ लिहावी, नाहीतर एक वर्ग तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसतो.