रात्रीची गस्त कशी ठरते, आणि गस्तीवरील पोलिसांनी थांबवल्यास काय करावे?

रात्रपाळी यांचा प्रश्न

माझे काम मुद्रणालयात असून पाळी रात्री पावणेदोनला सुटते. तेथून घर चालत पंचवीस मिनिटांवर आहे. गेल्या महिन्याभरात गस्तीवरील पोलिसांनी मला दोनदा थांबवले, आणि दोन्ही अनुभव इतके निराळे होते की यामागे काही पद्धत आहे की सारे त्या-त्या माणसाच्या मर्जीवर चालते, हे मला उमगलेले नाही.

पहिल्या वेळी गाडी माझ्या मागून सावकाश आली, काही क्षण तशीच उभी राहिली आणि मग दोघे उतरले. एकाने विजेरीचा झोत थेट तोंडावर मारून नाव विचारले. दुसरा काही न बोलता माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. ओळखपत्र काढावे म्हणून मी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला, तेवढ्यात बोलणारा एक पाऊल मागे सरून "हात बाहेर, हात बाहेर!" असे ओरडला. मी पुरता गांगरलो. मग त्यांनी पिशवी पाहिली, तीत रिकामा डबा आणि शाईने माखलेला अंगरखा निघाला, आणि "जा" एवढेच म्हणून ते निघून गेले. का थांबवले हे त्यांनी सांगितले नाही, आणि मलाही विचारण्याचे सुचले नाही. दुसऱ्या वेळी पायी फिरणाऱ्या एका पोलिसाने "पाळी सुटली वाटतं?" असे विचारले, मी होय म्हटले आणि तो पुढे गेला.

यालाच जोडून आणखी एक शंका आहे. आमच्या इमारतीच्या सायकलतळावरून दोन महिन्यांत तीन सायकली चोरीला गेल्या. गस्तीची गाडी त्या रस्त्याने जाते, पण कधी बाराला, कधी तीनला, आणि तिच्यातून कोणी खाली उतरल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. हा मार्ग आणि ही वेळ कोण ठरवते? थांबवल्यावर उत्तर देणे आणि पिशवी उघडून दाखवणे कितपत बंधनकारक असते? आणि सायकलतळाकडे लक्ष द्यावे असे सांगायचे झाल्यास ते कोणाला सांगावे?

जुना बीटवाला यांचे उत्तर

मी बावीस वर्षे गस्तीवर काढली आहेत, त्यामुळे आधी तुमच्या पहिल्या प्रसंगाबद्दल लिहितो.

गाडी तुमच्यामागे "काही क्षण तशीच उभी राहिली" असे तुम्ही लिहिले आहे. त्या क्षणांत बहुधा आतला माणूस नियंत्रण कक्षाला बिनतारी संचावरून आपण कोठे आहोत आणि किती जणांना थांबवत आहोत हे कळवत होता. उतरण्यापूर्वी जागा सांगायची, ही आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. पुढे काही बरेवाईट झाले तर मदत कोठे पाठवायची हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. दोघांपैकी एकानेच बोलायचे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून केवळ पाहायचे, हीसुद्धा ठरलेली रीत आहे. बोलणाऱ्याचे लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे आणि उत्तरांकडे असते, दुसऱ्याचे तुमच्या हातांकडे आणि आजूबाजूच्या अंधाराकडे. त्याने डावी बाजू निवडली, त्यात तुमच्याविषयी वेगळा काही संशय होता असे समजू नका.

हातांचे म्हणाल, तर अंधारात अनोळखी माणसाचा हात आतल्या खिशात गेला की तो ओळखपत्र घेऊन बाहेर येणार की आणखी काही, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो. तुमच्या दृष्टीने ते सौजन्य होते, त्याच्या दृष्टीने धोका. म्हणून हात दिसतील असे ठेवून "ओळखपत्र जाकिटाच्या आतल्या खिशात आहे, काढू का?" असे आधी विचारावे आणि मगच सावकाश काढावे. वाहनात असाल तर आतला दिवा लावून हात चाकावर ठेवावेत. तरीही तोंडावर झोत मारणे मला स्वतःला कधीच पटले नाही. बॅटरी छातीच्या उंचीवर धरली तरी हात दिसतात आणि माणूस आंधळा होत नाही.

आता मार्गाविषयी. ठाण्याच्या हद्दीचे बीट, म्हणजे गस्तीसाठी वाटून दिलेले छोटे भाग, पाडलेले असतात आणि त्यांचे आकार बहुतेक ठिकाणी क्षेत्रफळापेक्षा कामाच्या भारावर ठरतात. गजबजलेले बीट चार गल्ल्यांचे असू शकते आणि शांत बीट कित्येक किलोमीटरचे. पाळी सुरू होताना हजेरी होते, आदल्या पाळीत काय घडले ते वाचून दाखवले जाते, चोरीच्या वाहनांचे क्रमांक आणि कोणत्या जागी जाऊन यायचे ते सांगितले जाते. तेवढी ठिकाणे सोडली तर उरलेला मार्ग गाडीतल्या दोघांच्या अंदाजावर असतो, आणि खरे सांगायचे तर पाळीतला बराचसा वेळ गस्तीत जातच नाही. कोठे भांडण, कोठे अपघात, कोठे घराबाहेर अडकलेले म्हातारे जोडपे; एकेका कॉलला पाऊण तास, मग त्याची लिखापढी. दोन कॉलच्या मध्ये जो मोकळा वेळ सापडतो, त्यात गस्त होते.

वेळ ठरलेली नसते याचे एक कारण हे, आणि दुसरे असे की ती ठरलेली असू नये असाच प्रयत्न असतो. लंडनमध्ये १८२९ साली महानगर पोलीस दल उभे राहिले तेव्हा शिपायाने ठरलेल्या बीटवर ठरलेल्या चालीने, ताशी सुमारे अडीच मैल, फिरायचे आणि वरिष्ठाला ठरलेल्या जागी भेटायचे असा दंडक होता. शिपाई झोपलेला नाही ना, हे तपासायला ही व्यवस्था चांगली. पण जो शिपाई वरिष्ठाला वेळेवर सापडतो तो पाळत ठेवणाऱ्या चोरालाही वेळेवर सापडतो.

आकडेमोड यांचे उत्तर

गाडीतून कोणी उतरत नाही, ही आपली तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गस्तीवर झालेले संशोधन बरेचसे याच मुद्द्याभोवती फिरते.

अमेरिकेत मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर एक धाडसी प्रयोग झाला. पंधरा बीटांचे पाच-पाचचे तीन गट करण्यात आले. एका गटातून नेहमीची फिरती गस्त काढून घेतली आणि पोलीस केवळ कॉल आल्यावरच तेथे गेले. दुसऱ्यात गस्त पूर्वीइतकीच ठेवली. तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली. वर्षाअखेर गुन्ह्यांत, लोकांच्या भीतीत किंवा त्यांच्या समाधानात लक्षणीय फरक आढळला नाही. गस्त काढून घेतली किंवा वाढवली, हे बहुतांश रहिवाशांच्या लक्षातदेखील आले नाही. तीनला आपल्या रस्त्याने जाणारी गाडी सायकलचोरावर फारसा परिणाम का करत नाही, याचे उत्तर बहुधा येथे आहे: नुसती जाणारी गाडी दोन मिनिटांत दिसेनाशी होते.

मात्र यावरून गस्तच निरुपयोगी ठरते असा जो निष्कर्ष पुढे अनेकांनी काढला तो घाईचा होता. न्यूअर्क शहरात १९७८-७९ मध्ये पायी गस्तीचा अभ्यास झाला. तेथेही गुन्हे कमी झाले नाहीत, पण लोकांना पोलीस दिसले, आठवले आणि त्यांची भीती कमी झाली. पुढे मिनिआपोलिसमधील कॉलची छाननी केली असता निम्म्याहून थोडे अधिक कॉल सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून येतात असे दिसले, आणि सारा विचारच बदलला. सगळीकडे सारखे फिरण्याऐवजी त्या मोजक्या जागी जाऊन थांबावे, हे सूत्र पुढे आले. तेथील १९८८-८९ च्या प्रयोगात अशा ११० जागांपैकी निम्म्या ठिकाणी गस्त वाढवली आणि गुन्ह्यांचे कॉल घटले. त्याच निरीक्षणांवरून १९९५ मध्ये असा हिशेब मांडला गेला की एका जागी सुमारे पंधरा मिनिटांपर्यंत थांबल्यास गाडी गेल्यावरही काही काळ परिणाम टिकतो, त्याहून जास्त थांबून विशेष लाभ होत नाही. फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात साठ जागी पायी गस्त ठेवली, तेव्हा बारा आठवड्यांत हिंसक गुन्हे तुलनेच्या जागांपेक्षा २३ टक्क्यांनी घटले. अर्थात गस्त उठल्यावर तो लाभही ओसरला.

तेव्हा मागणी करताना "गस्त वाढवा" असे न म्हणता अमुक जागी, अमुक वेळेत, दहा-पंधरा मिनिटे उतरून थांबावे, असे म्हणावे. तीन चोऱ्यांच्या तारखा आणि अंदाजे वेळा आपल्याकडे असतील तर त्या सोबत जोडाव्यात. चोऱ्यांची तक्रार नोंदवलेली नसेल तर ती आधी नोंदवावी, कारण ज्या चोरीची नोंद नाही ती कोणत्याही नकाशावर उमटत नाही.

काळा कोट यांचे उत्तर

बंधन किती, याचे एकच उत्तर सर्व देशांना लागू पडत नाही, म्हणून आपल्या येथील तरतूद प्रत्यक्ष पाहूनच चालावे. पण बहुतेक कायद्यांत तीन पायऱ्या वेगळ्या केलेल्या आढळतात आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे ओळखता आले तर बराच गोंधळ टळतो.

पहिली पायरी साध्या विचारपूशीची. "पाळी सुटली वाटतं?" हा प्रश्न त्यातला, तो कोणीही कोणालाही विचारू शकतो आणि आपण मोकळेपणाने पुढे जाऊ शकता. दुसरी पायरी संशयावरून थोडा वेळ थांबवून ठेवण्याची. येथे आपल्याला जाण्याची मोकळीक नसते, मात्र पोलिसाकडेही सांगता येईल असे कारण असावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये टेरी खटल्यात हीच रेषा आखली: अटकेइतका पुरावा नसला तरी ठोस गोष्टींवर आधारलेला वाजवी संशय हवा, आणि समोरच्याकडे शस्त्र असावे असे वाजवीपणे वाटल्यास केवळ शस्त्रासाठी कपड्यांवरून चाचपता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या कायद्यानुसार झडतीपूर्वी अधिकाऱ्याने आपले नाव, ठाणे, झडतीचा उद्देश आणि तिचे कारण सांगावयाचे असते, आणि नोंदीची प्रत मागण्याचा हक्क असतो. तिसरी पायरी अटकेची, तिच्याबद्दल येथे लिहीत नाही.

व्यवहारात एकच वाक्य पुष्कळ काम करते: "मी जाऊ शकतो का?" उत्तर होय असेल तर पहिली पायरी, नाही असेल तर "मला थांबवण्याचे कारण सांगाल का?" असे विचारावे. पिशवीचेही तसेच. "पिशवी दाखवता का?" हा पुष्कळदा प्रश्न असतो, हुकूम नव्हे, आणि आपण ती उघडली की आपली संमती धरली जाते. संमती द्यायची नसेल तर तसे शांतपणे आणि स्पष्ट बोलावे. तरीही त्यांनी ती तपासली तर पिशवी ओढून धरू नये किंवा अंगाने अडवू नये. संमती दिली नव्हती हा मुद्दा नंतर तक्रारीत किंवा न्यायालयात उपयोगी पडतो, रस्त्यावर हिसकाहिसकी केली तर तो हातचा जातो आणि वर अडथळा आणल्याचा नवा आरोप चिकटतो.

तक्रार करावयाची असल्यास घरी पोहोचताच पाच गोष्टी लिहून काढाव्यात: वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, गणवेशावरील नाव किंवा क्रमांक, आणि झालेले संभाषण शक्य तितके शब्दशः. बिनतारी संदेशांची वेळेसह नोंद राहत असल्यास आपली वेळ अचूक असली म्हणजे तिच्याशी ताळा घालता येतो.

उंबरठा यांचे उत्तर

वरील सर्व उत्तरे उपयुक्त आहेत, पण हात कसे ठेवावेत, वाक्य कसे उच्चारावे, घरी जाऊन काय लिहावे ही सारी उस्तवार थांबवलेल्या माणसानेच का करावी, हे मला खटकते. पगार घेऊन जो थांबवतो, त्याने दोन वाक्ये बोलण्यास किती वेळ लागतो?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे २००९-१० मध्ये हेच तपासले गेले. वाहनचालकांची मद्यचाचणी करताना काही पथकांना नेहमीप्रमाणे वागू दिले आणि काहींना कारण सांगणे, समोरच्याचे ऐकणे, आभार मानणे अशी संवादाची पट्टी दिली. एरवी अर्ध्या मिनिटाहून कमी वेळात संपणारी भेट यामुळे सरासरी ९७ सेकंदांची झाली, आणि त्या चालकांचा पोलिसांविषयीचा अभिप्राय लक्षणीय सुधारला.

जुना बीटवाला यांचे उत्तर

आक्षेप मान्य. पण स्कॉटलंडमध्ये तोच प्रयोग केला तेव्हा उलट परिणाम होऊन विश्वास घटला, हेही नमूद करायला हवे. पाठ केलेले बोलणे लोकांना कळते, आणि वरून लादलेली पट्टी पोलीस कशी वाचतात हे मी पाहिलेले आहे. तरीही रात्रपाळी यांना "का थांबवले" हे सांगायलाच हवे होते. त्या भागात चोरीचा कॉल येऊन गेला असेल तर "इकडे चोरीचा कॉल आहे, म्हणून विचारतो" एवढे सहा शब्द पुरले असते.

सायकलतळाचे सांगायचे तर आपत्कालीन क्रमांकावर सांगू नका, तो घडत असलेल्या घटनेसाठी आहे. ठाण्यात जाऊन तुमच्या बीटचा अंमलदार कोण हे विचारा, आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे तारखा-वेळांसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुम्हाला पायी भेटला तो बहुधा त्याच बीटचा असावा. पाळी सुटलेला माणूस त्याने चालण्यावरून ओळखला.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. काल अर्ज दिला आणि पोच घेतली. तिन्ही चोऱ्या तारखांसह लिहून काढल्यावर लक्षात आले की तिन्ही रविवारच्या रात्री झाल्या आहेत. त्या रात्री आमचा पहारेकरी सुटीवर असतो आणि तळावरचा दिवा तोच लावतो. अर्ज घेणाऱ्या अंमलदाराने तो वाचून पहिला प्रश्न त्या दिव्याबद्दलच विचारला. दिव्याचे बटण कोठे आहे हे इमारतीत दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. आज सकाळी शोधले तर ते पहारेकऱ्याच्या कुलूपबंद खोलीत निघाले. ते बाहेर बसवून घेत आहोत.