शब्दचर्चा : साथीच्या काळातलं धोरण 'लवचीक', 'चिवट' की 'सावरणारं'?

विचारणा (सोलापूर): कोरोनाच्या साथीच्या काळात कारखाने आणि कार्यालयं पुन्हा उघडण्याच्या सरकारी धोरणांवर टिपण लिहितेय. 'रेझिलिएंट', म्हणजे धक्का बसला तरी पुन्हा उभं राहणाऱ्या, धोरणाला काय म्हणू? 'लवचीक' चालेल का? की 'चिवट'?

उत्तर: ताई, 'लवचीक' अपुरा पडतो. लवचीक म्हणजे वाकणारं. वाकल्यावर ते पुन्हा ताठ होईलच, असं तो शब्द सांगत नाही. सरकारी आदेशांतला 'निर्बंध शिथिल' तर त्याहून लंगडा. सैल सोडलं हे कळतं, पण परत कधी आवळायचं ते कळत नाही. जून 2020 मध्ये राज्यानं 'पुनश्च हरिओम' म्हणत टप्प्याटप्प्यानं व्यवहार उघडले आणि जुलैत सोलापूरला पुन्हा दहा दिवस बंद पाळावा लागला.

त्यामानाने राज्याचीच जून 2021 ची पाच स्तरांची पद्धत बघा. चाचण्यांत बाधित किती निघतात आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्यात, यावर स्तर ठरायचा. बाधित 5 टक्क्यांच्या आत आणि खाटा 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असल्या, तर पहिला, म्हणजे सर्वांत सैल, स्तर. तिसऱ्यात कार्यालयीन उपस्थिती 50 टक्के, चौथ्यात 25. आकडे चढले की आवळायचं, उतरले की सोडायचं, दोन्ही आधीच ठरलेलं. याला मी 'सावरणारं धोरण' म्हणेन.

त्यावर दुसरं उत्तर: 'सावरणं' पटलं. 'चिवट' मात्र नकोच. आपल्याकडे चिवट, काटक, सोशिक हे शब्द कामगाराला लावतात, आणि एकदा लावले की सोसणं त्याच्याच गळ्यात पडतं.

आमच्या गल्लीतल्या बिडी वळणाऱ्या बायकांचंच घ्या. त्यांचं काम घरीच चालतं. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. पण पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या बिड्या मोजून द्यायला कारखान्यात जावंच लागतं. मजुरी हजारी बिड्यांवर. कारखाना बंद म्हणजे घरातलं सूप रिकामं. 50 टक्के उपस्थितीचा नियम या बाईला कसा लावणार? ती हजेरीपटावर नसतेच.

पहिल्या उत्तराची पुरवणी: हा मुद्दा माझ्या उत्तरात यायला हवा होता. 'सावरणं' इथेच उपयोगी पडतं: माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो. धोरणाला दोन्ही जमलं पाहिजे. शिवाय त्या पाच स्तरांच्या पद्धतीत 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिका वेगळा घटक धरल्या होत्या. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं, म्हणजे नुसत्या त्या निकषानं पाहिलं तर शहराचा स्तर अख्ख्या जिल्ह्याच्या आकड्यांवर ठरणार. गावाकडे साथ वाढली की शहरातल्या यंत्रमागवाल्यावरही निर्बंध आवळले जाणार. आकड्यांवर चालणारं धोरणसुद्धा असं अडतं.

विचारणा करणारी: मग शीर्षकात 'सावरणारी धोरणं' घेते. बिडीचं उदाहरण पहिल्याच पानावर जाईल, आणि उपस्थितीच्या टक्क्यांशेजारी हजेरीपटाबाहेरच्यांसाठी वेगळा रकाना करते.