जुन्या स्लॅबच्या डबराची वाळू चिऱ्याच्या बांधकामाला चालेल का?

धागाकर्ता: मालवण तालुक्यात समुद्राजवळ आमचे जुने घर आहे. सळ्या गंजून फुगल्यामुळे यंदा गच्चीचा स्लॅब पाडावा लागला आणि त्याचे दोन ट्रक डबर परड्यात पडून आहे. ते भरडून वाळूऐवजी गडग्याच्या (कुंपणभिंतीच्या) चिरेबंदी, म्हणजे जांभ्या दगडाच्या कामाला आणि गिलाव्याला वापरावे, असे कंत्राटदार सुचवतात. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद: गडग्याला वापरा, गिलाव्याला नको. स्लॅब ओतताना खाडीची वाळू न धुता घातली असेल, तर ते मीठ काँक्रीटमध्ये अजून आहे आणि भरडल्याने ते जात नाही. गिलाव्यात ते पांढरे होऊन फुटते आणि भिंत ओल धरते. म्हणून चुऱ्याचा नमुना प्रयोगशाळेत क्लोराइडसाठी आधी तपासून घ्या. लिंटेल, बीम अशा सळीच्या कामात हा चुरा मुळीच घालू नका. काँक्रीटच्या वाळू-खडीचे भारतीय मानक आयएस 383 (2016) नुसार एम 25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळीच्या काँक्रीटमध्ये जुने काँक्रीट भरडून केलेली वाळू 20 टक्क्यांपर्यंत चालते, पण किनाऱ्यावर मी तेवढीही घेणार नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. या कणांना जुन्या सिमेंटचा सच्छिद्र थर चिकटलेला असतो आणि तो कालवलेल्या मालातले पाणी शोषून घेतो. आमच्या विहिरीच्या कठड्याला चुरा कोरडाच कालवला, तेव्हा चार चिरे बसेपर्यंत घमेल्यातला माल आळला, गवंडी वरून पाणी ओतत राहिला आणि पुढच्या पावसाळ्यात सांधे नखाने उकरता येऊ लागले. चुरा आदल्या रात्री भिजवून सकाळी निथळू द्यावा, आणि चिरेही भिजवूनच लावावेत, कारण जांभाही तितकाच पाणी पितो.

भरडण्यापूर्वी प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे वेचून काढा, कारण त्यातला जिप्सम ओलाव्यात सिमेंटशी अभिक्रिया करून सांधे फुगवतो. नंतर चुरा 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि पिठासारखी धूळ धुऊन टाका.

धागाकर्ता: मनःपूर्वक आभार. नेहमीच्या वाळूत हा चुरा किती मिसळावा?

प्रतिसाद: 1:6 च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मालात वाळूचा चौथा हिस्सा चुरा घ्यावा. आधी मीटरभर गडगा बांधून सात दिवस पाणी मारा आणि 28 दिवसांनी सांधा खिळ्याने ओरखडून पाहा. भुगा पडला, तर चुरा कमी करा.