यहुदी धर्म: आधी आचार की आधी कब्बाला?

शनवारतेली (धागाकर्ता)

आमच्या बेने इस्राएल समाजातल्या (कोकणातले मराठी यहुदी) तरुण मुलांमध्ये हल्ली कब्बालाचं वेड वाढलंय. शेमा (देव एकच आहे सांगणारी रोजची प्रार्थना) धड पाठ नाही, शुक्रवारचा दिवा सूर्यास्ताआधीच का लावायचा ते माहीत नाही, पण मनगटाला लाल दोरा आणि तोंडी दहा सफिरोत. पैसे भरून ऑनलाइन वर्गांना बसतात आणि पहिल्याच धड्यात देवाच्या दहा गुणशक्तींची आकृती काढायला शिकतात. घरातल्या मोठ्यांनाही बरं वाटतं, निदान पोरगं धर्माकडे वळलं म्हणून. मला हे पटत नाही. का पटत नाही ते लिहितो, विरोधी मतं जरूर मांडा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हलाखा म्हणजे आचाराचे नियम. काय खावं, शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा पवित्र दिवस) कसा पाळावा, मजुराची मजुरी त्याच दिवशी का चुकती करावी, सगळं त्यात येतं. कब्बाला ही गूढ परंपरा. १२व्या-१३व्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेला आणि स्पेनमध्ये तिला आकार आला. झोहर हा तिचा मुख्य ग्रंथ.

तालमूदनेच, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहानेच, या वाटेवर धोक्याची पाटी लावून ठेवलीय. हगिगा या भागात चार विद्वान 'बागेत', म्हणजे गूढ ज्ञानात, शिरल्याची कथा आहे. बेन अझ्झाई मेला, बेन झोमाला वेड लागलं, एलिशा बेन अवुया धर्म सोडून गेला आणि फक्त रब्बी अकिवा सुखरूप बाहेर आले. हे चौघे त्या काळातले नावाजलेले लोक होते. त्यांची ही गत, तर शेमा न येणाऱ्या पोराला तिथे का ढकलायचं?

आणि रंबाम बघा (मोशे बेन मैमोन, ११३८ ते १२०४, जन्म कोर्दोबाचा, हयात गेली कैरोजवळच्या फुस्तातमध्ये, व्यवसायाने वैद्य). आपल्या दाराच्या चौकटीवर मेझुझा असतो, त्यातल्या चर्मपत्रावर तोराचे (मोशेच्या पाच ग्रंथांचे) दोन उतारे लिहिलेले असतात. रंबामच्या काळी काही लोक त्या चर्मपत्राच्या आत देवदूतांची नावं आणि मुद्रा घालायचे, घराचं रक्षण व्हावं म्हणून. रंबामने त्यांच्याबद्दल फार कडक लिहिलंय. देवाचं एकत्व आणि त्याच्यावरचं प्रेम सांगणारी इतकी मोठी आज्ञा, तिचा या लोकांनी स्वतःच्या फायद्यासाठी ताईत केला, असा त्याचा आरोप आहे. येणाऱ्या जगात त्यांना वाटा नाही, इथपर्यंत तो जातो.

तोच रंबाम दानाच्या आठ पायऱ्या सांगतो. सगळ्यात वरची कुठली? माणसाला भीक मागायची वेळच येऊ नये म्हणून त्याला कर्ज द्या, भागीदारीत घ्या किंवा काम मिळवून द्या. ही शिकवण दुसरी-तिसरीतल्या मुलाला कळते आणि ८० वर्षांच्या म्हाताऱ्यालाही आयुष्यभर पुरते. माझ्या मते यहुदी धर्माचा कणा हा आहे.

झैतून

लेख मनापासून लिहिलाय, म्हणून उत्तरही मनापासून देतो. तुमची मांडणी एका माणसापाशी अडते. योसेफ कारो.

आज जगभरचे धर्मनिष्ठ यहुदी आचाराचा नियम बघायला जो ग्रंथ उघडतात तो शुल्हान आरूख, व्हेनिसमध्ये १५६५ साली छापलेला. लिहिणारा कारो. हा माणूस गालीलमधल्या सफेद नावाच्या गावात राहायचा आणि रात्री मिश्ना (तालमूदचा मूळ पाठ) म्हणता म्हणता त्याच्याच तोंडून एक 'मग्गिद' बोलायचा, म्हणजे स्वर्गीय वाणी. त्या वाणीची त्याने वर्षानुवर्षं रोजनिशी ठेवली. ती वाणी त्याला जास्त खाल्ल्याबद्दल, चव घेत जेवल्याबद्दल रागवायची. एकदा शावुओत सणाच्या रात्री मित्रांसमोरही ती बोलली, आणि शलोमो अल्काबेत्झ या मित्राने ते पत्रात लिहून ठेवलंय.

आता हा अल्काबेत्झ कोण? दर शुक्रवारी संध्याकाळी आपण 'लेखा दोदी' म्हणतो, ते त्याचं. शेवटच्या कडव्याला सगळी सभा दाराकडे वळते, किंचित झुकते, शब्बाथला वधू म्हणून आत बोलावते. तुम्हीही वळत असाल. शब्बाथला वधू म्हणायचं तालमूदमध्ये आहे, पण ही गाऊन स्वागत करायची रीत सफेदच्या गूढवाद्यांनी घातली. ती काढून टाका आणि शुक्रवारच्या प्रार्थनेत काय राहतं ते सांगा. काय करू नये याची यादी तेवढी राहील.

कणा म्हणालात. मान्य. पण तो ज्याने नीट बसवला, तो रात्री आवाज ऐकणारा होता.

शनवारतेली

कारोबद्दल वाद नाही. पण तुमचंच उदाहरण पुढे न्या. रोजनिशी त्याने स्वतःपुरती ठेवली, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. लोकांच्या हातात त्याने काय दिलं? शुल्हान आरूख. सकाळी उठल्यावर काय करायचं इथपासून सुरू होणारा ग्रंथ. दोन्ही दारं उघडी असलेल्या माणसाने लोकांसाठी कुठलं उघडलं, ते महत्त्वाचं नाही का?

लेखा दोदी मीही प्रेमाने म्हणतो. ते गाणं आहे, ते म्हणायला आकृत्या शिकाव्या लागत नाहीत.

इतिहासवेडा

धागाकर्त्याशी सहमत, आणि मला वाटतं मुख्य पुरावा अजून कोणी मांडलाच नाही. शब्बताई त्झवी.

इझमिरचा माणूस, १६२६चा जन्म. १६६५ साली गाझाच्या नेथनने, जो तरुण कब्बालावादी होता, त्याला मशीहा, म्हणजे तारणहार, म्हणून जाहीर केलं. येमेनपासून अॅमस्टरडॅमपर्यंत लोक वेडे झाले. १६४८ला युक्रेनमध्ये खमेलनित्स्कीच्या उठावात यहुद्यांची भयंकर कत्तल झाली होती, दुःख ताजं होतं. पुढच्याच वर्षी, १६६६च्या सप्टेंबरात, ऑटोमन सुलतानापुढे उभं केल्यावर मशीहाने इस्लाम स्वीकारला.

हॅम्बुर्गच्या ग्लिकेल नावाच्या व्यापारी बाईने आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात. तिचे सासरे हामेलनचं राहतं घर, सामानसुमान सोडून हिल्डेसहाइमला गेले आणि हॅम्बुर्गला सुनेच्या घरी दोन मोठी पिंपं पाठवली. त्यांत कपडे, वाटाणे, घेवड्याचे दाणे, सुकं मांस, सुकी फळं, म्हणजे न नासता टिकेल ते सगळं. हॅम्बुर्गहून जहाजाने पवित्र भूमीला जायचं होतं. पिंपं तशीच पडून राहिली. शेवटी आतलं मांस खराब होईल, निदान खायचे जिन्नस काढून घ्या, असा निरोप आला. म्हातारा माणूस, सगळी जिंदगी व्यवहारात गेलेली, आणि एका गूढ सिद्धांतापायी घर सोडून बसला.

'विश्वात विखुरलेल्या दैवी ठिणग्या गोळा करायच्या, मशीहा त्यासाठी अंधारात उतरतो' हा सफेदच्या इसहाक लुरिया या कब्बालागुरूचा विचार वाकवूनच नेथनने धर्मांतराचंही समर्थन केलं. नियमाच्या पुस्तकातून असं समर्थन कधीच निघालं नसतं. अर्थ इतका ताणायला तिथे जागाच नसते.

झैतून

इतिहासवेडा, लुरियाच्या कब्बालामुळेच ही लाट पसरली, हा कब्बालाचा अभ्यासक गेर्शोम शोलेम याचा सिद्धांत. मोशे इदेल या नंतरच्या अभ्यासकाने त्याला सरळ आव्हान दिलंय. त्याचं म्हणणं असं की तेव्हा लुरियाचा विचार थोड्या विद्वानांपुरताच होता, सामान्य माणसापर्यंत पोचलाच नव्हता. ग्लिकेलच्या सासऱ्यांनी लुरिया वाचून घर सोडलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी तारणहाराची आशा धरली, आणि ती आशा रंबामच्या १३ श्रद्धातत्त्वांतही आहे. तिच्यासाठी कब्बाला लागत नाही.

दिमोनाची मावशी

मी अलिबागच्या बाजूची, आता बरीच वर्षं इथे इस्राएलमध्ये, दिमोनाला. मुलांनो, तुमचं वाचन मोठं आहे. मला एक सांगायचंय.

कोकणात आपल्या माणसांकडे शेकडो वर्षं ना तालमूद होतं ना झोहर. तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची आणि शेमा म्हणायचा. एवढ्यावर समाज टिकला. डेव्हिड रहाबी हा बाहेरचा यहुदी आला तेव्हा त्याने बायकांपुढे सगळ्या तऱ्हेची मासळी ठेवली आणि बायकांनी चालते ते मासे बरोबर वेगळे काढले, त्यावरून आपण यहुदी आहोत हे त्याने ओळखलं, असं आपल्याकडे सांगतात. तेव्हा शनवारतेलीचं बरोबर.

पण आपण मलिदा हा विधीही करत होतो. लग्न असो, नवस फेडायचा असो, नवं घर असो, ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. माझी आई तिथे जाऊन आल्याशिवाय घरात कुठलं शुभकार्य काढायची नाही. एलियाहू येतो, ऐकतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला तुम्ही काय म्हणणार? तो नियम नाही. पण तो नसता तर नियम पाळायची ओढ राहिली असती का, मला शंका आहे.

इथे आल्यावर काही लोकांनी आमच्या मलिद्याला नाकं मुरडली. ती नियमवाली माणसंच होती.

शनवारतेली

मावशी, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये आपल्या लोकांना लग्नाच्या वेळी यहुदीपणाच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं, ते नियमाच्याच नावाखाली. त्या अन्यायाचं मी समर्थन करणार नाही.

तरी मलिदा आणि कब्बालाचे वर्ग एका ओळीत बसवू नका. मलिद्यात कोणी गुप्त ज्ञान विकत नाही. ताट सगळ्यांसमोर असतं, आशीर्वाद मोठ्याने म्हणतात, मग पोरासोरांसकट सगळे खातात. माझा आक्षेप आहे तो 'आमच्याकडे आतलं काहीतरी आहे, नियम हा वरचा टरफलाचा भाग' या शिकवणीला. तुमच्या आईने रथाची खूण बघितली म्हणून शनिवार पाळायचं सोडलं नाही.

लाल दोऱ्याचंही सांगून टाकतो. तोसेफ्ता या मिश्नाच्या जोडग्रंथामध्ये बोटाला लाल दोरा बांधणं 'अमोऱ्यांच्या रीतीं'त धरलंय, म्हणजे परक्यांच्या अंधश्रद्धांत. आज तोच दोरा यहुदी गूढविद्या म्हणून विकला जातो.

काठावरचा

दोन्ही बाजू एक गोष्ट गाळताहेत. हासिदी लोकांवर (पूर्व युरोपातल्या भक्तिपंथावर) १७७२ साली ज्याच्या अधिकाराने लिथुआनियातल्या विल्नात बहिष्कार पडला, तो विल्ना गाओन स्वतः कब्बालाचा मोठा अभ्यासक होता, त्याने त्यावर टीकाग्रंथ लिहिलेत. आणि रंबामचा सख्खा मुलगा अब्राहाम इजिप्तमध्ये सूफींच्या वाटेने जाणाऱ्या भक्तमंडळाचा अग्रणी होता. प्रार्थनेत दंडवत घालायचा, सूफींना तो जुन्या संदेष्ट्यांचे वारस म्हणायचा. बापाचा ग्रंथ त्याने आयुष्यभर राखला, तरीही.

इतकी सरळ रेघ कुठल्याच घरात ओढता येत नाही.

इतिहासवेडा

येमेनमध्ये ओढली गेली होती. सनामधले रब्बी यिह्या काफिह (१८५० ते १९३१) यांनी झोहरविरुद्ध उघड मोहीम काढली, रंबामकडे परत चला म्हणाले. समाजाचे दोन तट पडले. त्यांचा नातू योसेफ काफिह आजोबांच्या मायेत वाढला आणि पुढे रंबामचे अरबी ग्रंथ त्याने हिब्रूत आणले. साधी शिकवण धरणाऱ्यांची कामगिरी काही कमी नाही.

झैतून

काफिहांबद्दल मला आदर आहे. पण झोहर ज्याच्या नावावर आहे त्या शिमोन बार योहाईची कथा तालमूदमध्ये कशी येते, ती नीट वाचा. रोमन मागावर असतात म्हणून बाप-लेक १२ वर्षं गुहेत राहतात. बाहेर येतात, शेत नांगरणारे दिसतात. शाश्वत सोडून क्षणिकाच्या मागे लागलेत म्हणून त्यांची नजर जिथे पडेल ते जळून जातं. आकाशवाणी होते: माझं जग नासायला बाहेर आलात? जा परत गुहेत. आणखी १२ महिने. पुन्हा बाहेर येतात तेव्हा शुक्रवारच्या संध्याकाळी एक म्हातारा मेंदीसारख्या सुगंधी झाडाच्या दोन जुड्या घेऊन धावत निघालेला असतो. कशासाठी? शब्बाथच्या मानाला. तेव्हा त्यांचं मन शांत होतं. मग शिमोन गावात विचारतो, इथे दुरुस्त करण्यासारखं काही आहे का? आणि तिबेरियातली एक वाट, जिथून पुरोहितांना जाता येत नव्हतं, ती मोकळी करून देतो.

गूढाची परंपरा या माणसाला गुरू मानते. गुहेतून आलेला, आणि रस्ता दुरुस्त करणारा.

शनवारतेली

कथा सुंदर आहे, आणि माझ्या बाजूची आहे. पहिल्या खेपेला गुहेचं ज्ञान घेऊन आला तेव्हा त्याने जग जाळलं. शांत केलं ते एका साध्या म्हाताऱ्याच्या आचाराने. शिवाय तालमूदच्या बेराखोत भागात याच शिमोनचा रब्बी इश्माएलशी वाद आहे. इश्माएल म्हणतो, तोरा शिका आणि शेतीही करा. शिमोन म्हणतो, शेती करत बसलात तर तोरा कधी शिकणार? त्यावर अबाये हा नंतरचा पंडित सांगतो: इश्माएलसारखं बऱ्याच जणांनी केलं, त्यांना जमलं. शिमोनसारखं बऱ्याच जणांनी केलं, त्यांना जमलं नाही.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. १७५६ साली ब्रोडीच्या रब्बींनी झोहरसाठी ३० वर्षं आणि लुरियाच्या लिखाणासाठी ४० वर्षं अशी वयाची अट घातली होती. तसं काहीतरी हवं.

झैतून

लुरिया स्वतः ३८व्या वर्षी गेला. तुमच्या अटीत त्याला त्याचंच लिखाण वाचता आलं नसतं.

शनवारतेली

वय सोडा मग. निराळी अट सांगतो: एक वर्ष शब्बाथ पूर्ण पाळलेला असावा, शेमाचा अर्थ सांगता यावा आणि कोणाची उधारी थकलेली नसावी. एवढं करून आलेल्या मुलाला झोहर शिकवा, मी हरकत घेणार नाही.

दिमोनाची मावशी

अट चांगली आहे. वर्गाची फी घेणाऱ्यांना मान्य होते का बघा. आणि त्या वर्षात मुलांना घरी बोलावून जेवायला घाला, नाहीतर ती परत त्याच वर्गात जाऊन बसतील.