सेन्सिटिव्हिटी ९० च्या वर गेली की पेपर चांगला?

पारसिक बोगदा
काल या फोरमवर कुणीतरी नियमच सांगून टाकला: इमेजिंगचा (एक्स-रे, सोनो, स्कॅनचा) पेपर पीअर रिव्ह्यू झालेला (इतर तज्ज्ञांनी तपासलेला) असावा, सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती टक्के पकडले) ९० च्या वर, एयूसी (आजारी-निरोगी वेगळे करण्याची एकूण ताकद, कमाल १) ०.९५ च्या आसपास, बस्स. "मेथड्सचा कीस रिकामटेकड्यांनी पाडावा." मग मला रिकामटेकडा समजा.

आकड्यांच्या टेबलाआधी पेशंट कुठून आले ते बघा. ५० सिद्ध टीबीचे आणि ५० धडधाकट नर्सिंगचे विद्यार्थी घेतले, तर एक्स-रेवरचा फरक वाशी स्टेशनचा रिक्षावालाही सांगेल. जुने व्रण असलेले, सीओपीडीवाले (फुप्फुसाचा जुनाट आजार), न्यूमोनिया अर्धवट ओसरलेले गाळलेले असतात, आणि ओपीडीत रोज तेच येतात.

आता गणित. सेन्सिटिव्हिटी ९०, स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती टक्के निगेटिव्ह आले) ९०. अभ्यासात निम्मे आजारी, म्हणून १०० पॉझिटिव्हमागे ९० खरे. तीच चाचणी घोडबंदरच्या हेल्थ चेकअपला लावा, तिथे हजारात १० आजारी धरा. ९ सापडतील आणि ९९ निरोगी लोक सीटीच्या रांगेत उभे राहतील. पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा निघण्याची शक्यता उरली जेमतेम ८ टक्के.

आणि २० पैकी १८ पकडले म्हणजे "९० टक्के" लिहिता, तेव्हा शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हलही (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) लिहा: साधारण ७० ते ९७.

घणसोली डेपो
तो "कुणीतरी" मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या चाळणीतून काय उरणार ते सांगा. थुंकीची कल्चर (जंतू वाढवून बघायची पक्की चाचणी) निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे जातात, ती सगळ्यांची कोण करणार? डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांच्या टीबी स्क्रीनिंगला एक्स-रे वाचायला माणसाऐवजी सॉफ्टवेअर चालेल म्हटलंच ना? शहापूर-मुरबाडला वाचणारा माणूस नाही, आणि तुम्ही क्वाडासची (निदान-चाचण्यांच्या अभ्यासातल्या खोट शोधायच्या चौकटीची) पोथी उघडून बसा.

पारसिक बोगदा
त्याच वर्षी सॉफ्टवेअरच्या स्कोअरचा कट-ऑफ (कितीच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचं) आपापल्या वस्तीत तपासून ठरवायचं टूलकिटही आलं. ते सोयीस्कर गाळलंत. कंपनीचा कट-ऑफ जसाच्या तसा उचलला की जुने व्रण सगळे पॉझिटिव्ह.

आकडेमोड
एआयवाल्यांचा पीअर रिव्ह्यू काढलाच आहे तर ऐका. कोविडच्या एक्स-रे आणि सीटी मॉडेल्सचा मोठा आढावा २०२१ मध्ये आला. २,२१२ पेपर सापडले, चाळून ६२ उरले, दवाखान्यात वापरण्याजोगं एकही नाही. काहींनी कोविड नसलेल्या गटात १ ते ५ वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घातले होते. मॉडेल शिकलं काय, तर मूल आणि मोठा माणूस ओळखायला!

पण मला जास्त खुपते ती अपेंडिक्सची सोनोग्राफी. फक्त ऑपरेशन झालेले पेशंट मोजायचे. खरे अपेंडिसायटिसचे १०० धरा, सोनोवर ८० पॉझिटिव्ह, २० निगेटिव्ह. ८० चं ऑपरेशन होतं, २० पैकी ५ चंच. पेपरात ८० भागिले ८५, म्हणजे ९४ टक्के. उरलेले १५ जण दुसऱ्या नर्सिंग होमात पोट उघडून घेतात, तुमच्या वहीत येत नाहीत. उपाय स्वस्त आहे: घरी पाठवलेल्या प्रत्येकाला ३० दिवसांनी फोन.

खारघर एमडी
फोन करणार कोण? रेसिडेंट (एमडी शिकणारा डॉक्टर)! सगळ्या रोगाचं मूळ थिसिसची सक्ती आहे, त्यावर कुणी बोलत नाही. लिव्हरच्या ५० गाठी, एमआरआयचं एडीसी (गाठीत पाणी किती मोकळं हलतं त्याचं माप) मोजा, त्याच ५० वर आरओसी (वेगवेगळ्या कट-ऑफचा आलेख) काढून कट-ऑफ निवडा, त्याच ५० वर सेन्सिटिव्हिटी लिहा. स्वतःच पेपर काढला, स्वतःच तपासला. बी-व्हॅल्यू (एमआरआयची सेटिंग) बदलल्या, मशीन बदललं की कट-ऑफ गेला.

गाईड काका
थिसिस शिकण्यासाठी असतो. रेसिडेंटला बायोप्सीचा निकाल न पाहता स्कॅन वाचायला सांगा, आधी तेवढं जमू दे.

खारघर एमडी
सर, निकाल माहीत असलेला दुसरा वाचक बहुतेक वेळा गाईडच असतो. आणि वर कप्पा (दोन वाचकांचं जुळणं, कमाल १) ०.९!

गाईड काका
तोंड सांभाळून. स्टार्डच्या यादीचे ३० मुद्दे भरले की क्वालिटी येते, एवढंही शिकवावं लागतं.

आकडेमोड
काका, स्टार्ड सांगतं पेपरात काय लिहायचं. अभ्यास वाईट असला तरी ३० पैकी ३० भरता येतात.

घणसोली डेपो
बरं, ९० चा नियम मागे घेतो, उत्सव करा. मग क्वाडास-२ च्या चार खान्यांची बेरीज कितीच्या वर हवी तेवढं सांगा.

पारसिक बोगदा
बेरीज करायचीच नसते! पेशंट निवड, तपासणी, संदर्भ चाचणी, वेळ आणि गळती: एक खाना सडका असला तर बाकीचे तीन त्याची भरपाई करत नाहीत.

खारघर एमडी
आणि सॅम्पल ५० च का, याचं उत्तर काका देणार की नाही?

आकडेमोड
मी देतो. ९० टक्के, अधिक-उणे ५ हवं तर आजारी १३९ लागतात. पाचात एकच आजारी असेल तर ६९५ पेशंट. ५० हा आकडा कुठल्याही सूत्रातून निघत नाही, तो कॅलेंडरमधून निघतो.

खारघर एमडी
म्हणजे ६९५ जमवायचे रेसिडेंटने, फोन करायचे त्यानेच, आणि सोनोग्राफीचे फॉर्म एफही (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचे) त्यानेच भरायचे. वा.