मदत हवी आहे : पाझर तलावातला सकर मासा कसा काढावा?

उजनीच्या काठालगतच्या आमच्या पाझर तलावात (साधारण ३ हेक्टर, मे महिन्यात जेमतेम दीड मीटर पाणी) सकर मासा (मत्स्यटाकीत पाळतात तो अंगावर कडक चिलखत असलेला परदेशी मासा) माजलाय. वाम आणि मरळ कमी झालेत, त्याची फार काळजी वाटते.

गिल नेटमध्ये (उभ्या लावलेल्या, मासा कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यात) सकर अडकतो, पण त्याचे काटे जाळं फाडतात आणि सोडवताना बोटंही कापतात. विष टाकायचं नाहीच. हा हवा गिळून तगतो, आधी मरतील ते आपले मासे. बांधाच्या मातीत बिळं करून नर त्यात अंड्यांची राखण करतो, त्यामुळे नुसती जाळी ओढून संख्या घटत नाही, बांधही पोखरतोय.

पाणी उतरल्यावर बिळं उघडी पडतात. तेव्हा ती खणून अंडी काढावीत, की खणल्याने बांध आणखी ढिला होईल? खणल्यावर मुरूम ठोकून भरणं पुरेसं आहे का? हे पावसाआधी उरकायचंय, कारण पावसात मरळ पिल्लं घेऊन काठाला असते.

सांडव्यावर जाळी बसवली की जलपर्णी अडकून तुंबते. गजांमधलं अंतर किती ठेवलंत? आणि काढलेल्या सकरचं खत कुणी केलंय का? त्याचं चिलखती कातडं कुजायला किती दिवस लागतात?